ही पातुर कुठची?

१२ जानेवारी २०२५

प्रिय दामिनी,

पाकिटावरचं अक्षर पाहून तू ते उलटसुलट करून पाहिलं असशील. एकतीस वर्षं मी या गावचा पोस्टमास्तर होतो. अर्ध्या गावाला पत्रं लिहून दिली, उरलेल्या अर्ध्याला वाचून दाखवली, आणि पोटच्या पोरीला मात्र हे माझं पहिलंच पत्र. तू चाळीस किलोमीटरवर नागपुरात राहतेस, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतेस. दिवाळीला फोन करतेस, मी बरा आहे का ते विचारतेस, मी हाव म्हणतो, मग दोघंही फोन ठेवायची घाई करतो. नऊ वर्षांत तू या घराचा उंबरठा ओलांडला नाहीस, आणि का ओलांडला नाहीस हे मला चांगलं ठाऊक आहे. पण एक गोष्ट तुला ठाऊक नाही. यंदाच्या दिवाळीत ती फोनवर सांगणार होतो, पण तब्येतीचंच बोलून फोन ठेवला. कागदावर एका दमात लिहायची म्हटली तरी हात अडतो. म्हणून जरा फिरून फिरून येतो, तेवढं चालवून घे.

तुझं पुस्तक माझ्यापर्यंत पोचलं. माझ्या जागेवर आता भूमिका नावाची मुलगी पोस्टमास्तर आहे. ग्रामपंचायतीच्या नावानं आलेलं ते पार्सल तिनं फोडलं आणि धावतच घरी आली. "काका, पाहा न, याच्यावर दामिनीताईचं नाव हाये!" मी चष्मा लावला. नागपूर जिल्ह्यात पातुरची रानभाजी कुठे कुठे उगवते, एवढ्यासाठी एक आख्खं पुस्तक, आणि मधोमध घडी घातलेला नकाशा. तो मी ओसरीवर पसरला, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या आणि जेवण विसरून बघत बसलो. जिल्ह्याचे चौदाही तालुके आणि दोनशे बारा ठिपके! प्रत्येक ठिपक्याला नंबर, नंबराला तारीख, माती कोणती, शेजारी काय उगवलं होतं, पान मोडल्यावर चीक किती आला. आपण जिला तण म्हणून उपटून ढोरांपुढे टाकतो, तिच्यामागे माझी पोरगी नऊ हिवाळे फिरली. आयुष्यभर मी ठिकाणांच्या नावांशीच व्यवहार केला, जिल्ह्यातली गावं मला पाठ आहेत, पण या गावांमधून अशी एक हिरवी वाट गेलेली आहे हे मला सत्तरी उलटल्यावर तुझ्याकडून समजलं.

मग कुही तालुका बोटानं शोधला. एकोणीस ठिपके. आपल्या गावाच्या उगवतीला एक, मावळतीला दोन, आणि आपल्या गावावर एकही नाही. मी वाटी सरकवून पाहिली, खाली दडला असेल म्हणून. नव्हता. मग पहिलं पान उलटलं, तर तिथं तू लिहिलेलं होतं: 'माझ्या आईस, जिच्या वाट्याला शेवटची पातुर आली नाही.' त्यानंतर त्या दिवशी मी काही वाचलं नाही.

आता पातुरबद्दल माझं काय मत होतं ते तुला नवं नाही. मी गव्हाचा माणूस. वावराच्या कडेच्या धुऱ्यावर, ओलिताच्या दांडाला, जवसात, हरभऱ्यात जमिनीला चिकटून बसलेली ती कातरलेल्या पानांची भाजी म्हणजे माझ्या लेखी फुकटची पाहुणी. तुझ्या आईच्या लेखी ती सण होती. दिवाळी सरली की तिची नजर जमिनीकडे लागायची. लग्नाला जाताना बस थांबली तर खाली उतरून दोन मुठी पातुर ओच्यात घेऊन चढायची आणि मी दुसरीकडे बघायचो. मुळासकट कधी उपटायची नाही, नखानं पानं खुडायची, मधला कोंब राखायची. घरी आली की बारीक चिरून कांदा, तिखट, मीठ आणि वरून जवसाचं कच्चं तेल. तो घोळाणा आणि ज्वारीची भाकर समोर असली की वच्छलाबाईंना नवरा कुठं आहे याची शुद्ध नसायची.

आणि तिची ती जीभ! तू आणि तुझा भाऊ ऋषिकेश लहान असताना खेळायचा तो खेळ आठवतो ना? एका ठिकाणची पातुर आणायची, आईचे डोळे पदरानं बांधायचे, एक पान तोंडात द्यायचं आणि विचारायचं, "आई, ही पातुर कुठची?" ती हळूहळू चावायची, मान हलवायची आणि सांगायची. "हे कालव्याच्या पाण्याची हाये, पानचट लागते." "हे मुरमाडातली, कडू हाये पण मांगून गोड होते." "हे शेणखताच्या ढिगाजवळची कोनं आनली वं? फेका!" तुम्ही पोरं टाळ्या पिटायची आणि मी म्हणायचो की बाई मुळाला लागलेली माती चाखून सांगते. एकदा मी तिची खोडी काढायची ठरवली. मौद्याला टपालाच्या कामानं गेलो होतो, तिथून थोडी पातुर आणली, आपल्या वावरातली तिच्यात मिसळली, तीनदा धुतली आणि चुपचाप ताटात वाढली. दुसऱ्याच घासाला तिनं हात थांबवला. "काहून हो, आज दोन गावची भाजी एका ताटात?" त्या दिवसापासून त्या जिभेला मी मनातल्या मनात हात जोडले, तोंडानं मात्र कधी कबूल केलं नाही. नवरेपणाचा रुबाब असतो ना.

तिच्या पहिल्या हिवाळ्याची गोष्ट तर तू शंभरदा ऐकली आहेस. तरी लिहितो, कारण आज ती लागणार आहे. नवी सून म्हणून आली, गावाची माहिती नाही. पौषात एकटीच भाजीला निघाली आणि नाल्याकाठच्या एका मोकळ्या पट्ट्यावर पोचली. तिथं पातुरच पातुर! ताटाएवढाली पसरलेली, कोणाचा हात न लागलेली. तिला वाटलं, या गावच्या बाया आळशी दिसतात. टोपलं भरून आणली. सात माणसांच्या घरानं बोटं चाटून खाल्ली, माझ्या वडिलांनी दोनदा मागून घेतली. जेवणं झाल्यावर माझ्या आईनं कौतुकानं विचारलं की एवढी चांगली पातुर कुठं भेटली, आणि हिनं खुणा सांगितल्या: नाला, कडुनिंब, काळे पडलेले दगड. तो आपला घाट होता. गावाचं स्मशान! तेव्हा तिथं शेड नव्हतं, पाटी नव्हती, तिला कळणार कसं? मग काय, हिवाळ्याच्या भर दुपारी सातही जणांना थंड पाण्यानं आंघोळ, घर सारवून काढलं, माझे वडील कुडकुडत शिव्या देत होते आणि मधेच म्हणाले, "पन भाजी गजब होती बाप्पा." घाटावरची भाजी कोणी तोडत नाही, हा गावाचा नियम, आणि तुझी आई पुन्हा कधी तिथं गेली नाही. पण दर हिवाळ्यात एकदा तरी म्हणायची, "त्या पातुरची चव दुसऱ्या कोन्त्याच पातुरले नाई." सांगून हसायची आणि तू हट्ट धरायचीस की मला दाखव ती जागा. तिनं तुला लांबून दाखवली होती, कालव्याच्या पुलावरून.

पुस्तक आल्यापासून मी एक उद्योग केला. तू हसशील. एस.टी.चा अर्ध्या तिकिटाचा पास आहेच. पिशवीत तुझं पुस्तक, पाण्याची बाटली आणि भाकरी घेतली आणि तुझे ठिपके बघायला निघालो. नंबर एक्केचाळीस, मौद्याजवळचा कालवा. विजेच्या कारखान्याची ती उंच धुराडी एका बाजूला, कालव्याच्या पाळीवर राखेची बारीक साय, आणि त्या सायीतून पातुर वर आलेली. मी रुमालानं एक पान पुसलं तर खाली लख्ख हिरवं. नंबर एकशे सात, रामटेकच्या पायऱ्या. दगडाच्या फटीत माझी करंगळीही जात नव्हती आणि तिथं ती फुलावर आली होती, पिवळी धमक. नंबर एकशे साठ, उमरेडकडचा कोळशाच्या खाणीतून काढून टाकलेल्या मातीचा डोंगर. माणसानं शंभर हात खालून उपसलेली माती. तिला कोणी बी दिलं? तू पुस्तकात साधं लिहिलं आहेस की बियांना कापसासारखे तंतू असतात आणि वारा त्या नेतो. मी त्या ढिगाखाली उभा राहिलो आणि एक म्हातारं फूल फुंकून पाहिलं. सगळ्या बिया उडाल्या, माझ्या डोक्यावरून गेल्या, दिसेनाशा झाल्या. एकतीस वर्षं पत्ता लिहिल्याशिवाय काही पाठवायचं नाही असं मी लोकांना सांगत आलो, आणि ही बिनपत्त्याची निघते आणि बरोबर पोचते. त्या मातीच्या डोंगरापुढे मी चक्क हात जोडले. एक ट्रकवाला थांबून विचारत होता, "क्या हुआ बाबाजी, तबियत ठीक है न?"

शेवटी नंबर दोन. धंतोली. हा ठिपका तुझा फार जुना, आईच्या वर्षश्राद्धाच्या आठवड्यातला. तू फक्त एवढंच लिहिलंस: 'दवाखान्यांच्या गल्लीतील मागील भिंत, रुग्णवाहिका उभ्या राहतात तेथे, पाच रोपे.' दवाखान्याचं नाव तू लिहिलं नाहीस, मीही लिहीत नाही. आपल्या दोघांना ती भिंत माहीत आहे. तिथं गर्दी तशीच, गडचिरोलीपासून बुलढाण्यापर्यंतची माणसं पिशव्या घेऊन फुटपाथवर बसलेली, चहाची टपरीही तीच. भिंतीच्या बुडाशी आता पाचाची अकरा रोपं झाली आहेत. मी मोजली.

आता त्या दिवसाबद्दल. आधी तुला माहीत आहे तेवढंच लिहितो. डिसेंबरची एकोणीस तारीख. आईच्या रक्तात पांढऱ्या पेशी उरल्या नव्हत्या आणि डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की फळ, पाला, कोशिंबीर, कच्चं काहीही द्यायचं नाही. चार दिवसांपासून ती अन्नाला शिवत नव्हती आणि एकच मागत होती, पातुर. तू आदल्या दिवशी मला न सांगता गावी गेलीस आणि सकाळी अकराच्या सुमाराला स्टीलचा डबा घेऊन आलीस. तुझ्या चपलांना चिखल होता. मी डबा उघडून पाहिला आणि विचारलं, कुठून आणली. तू म्हणालीस, "धुऱ्यावरून." दामिनी, त्या धुऱ्यावर मी आठच दिवसांपूर्वी तणनाशक फवारलं होतं. मजूर मिळेनात म्हणून त्या वर्षी सगळ्या गावानंच फवारलं होतं, धुरे पिवळे पडले होते. तू ते पाहिलं असणारच, मग तिथूनच का आणलीस हे मला समजेना. मी रात्रंदिवस जागून जागून तडकलेला होतो. खोलीच्या दारात, तुझ्या आईच्या कानावर जाईल एवढ्या आवाजात मी म्हणालो, "आईले मारतं का वं?" तुझ्या हातातून डबा ओढून घेतला आणि बाहेर व्हरांड्यातल्या कचऱ्याच्या पेटीकडे निघालो. तू माझ्याकडे पाहिलंस. ते पाहणं मी अजून विसरलेलो नाही. मग तू जिना उतरून गेलीस, कारण कॉलेजात परीक्षा होती आणि रडायला तिथं जागा नव्हती. तिसऱ्या दिवशी आई गेली. तेरवीला तू मला एकच विचारलंस, डबा टाकला होता का, आणि मी हो म्हणालो. त्यानंतर तू घरी आली नाहीस.

डबा मी टाकला नव्हता. पेटीचं झाकण पायानं उघडलं होतं, तेवढ्यात मागून तुझ्या आईची हाक आली. तिचा आवाज चार दिवसांत खणखणीत असा तेवढाच निघाला. "आना इकडे. टाकान तर पाहा!" मी तसाच आत गेलो. तिला सांगितलं की फवारलेली आहे, डॉक्टरीणबाई रागावतील. ती म्हणाली, "मले दिसते न पान. फवारलेलं असं राह्यते का? आना." बाटलीतल्या पाण्यानं मी एक एक पान तीन तीनदा धुतलं. सकाळच्या खिचडीबरोबर आलेली मिठाची पुडी फोडली. ती उशीला टेकून बसली आणि तिनं खाल्ली. दोन पानं नव्हे, पाच नव्हे, डबा रिकामा केला. चार दिवस पाणीसुद्धा जिच्या घशाखाली उतरत नव्हतं ती बाई हळूहळू चावत, डोळे मिटून, कोणाला घाई नसल्यासारखी खात होती, आणि मी खाली स्टुलावर बसून तिच्याकडे बघत होतो. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती, पण जेवताना तिच्याकडे असं मी कधी पाहिलं नव्हतं.

आणि संध्याकाळी ताप चढला. आता तूच सांग, मी तुला काय सांगणार होतो? 'आईले मारतं का' हे शब्द माझे. ते तुझ्या कानात ताजे असताना मी जर म्हणालो असतो की तुझ्या हातची पातुर तिनं खाल्ली आणि तिसऱ्या दिवशी ती गेली, तर तू जन्मभर काय घेऊन जगली असतीस? म्हणून मी हो म्हणालो. डबा टाकला. पोरीनं बापाचा राग करावा, तो झेपतो. आपल्या हातानं आई गेली असं तिला वाटू नये. आणि मला स्वतःला? मी तेच मानून चाललो होतो. तिला मीच खाऊ घातलं, मीच मारलं. दवाखान्याची फाइल सुतळीनं बांधून कपाटावर टाकली ती नऊ वर्षं सोडली नाही. शेवटचे कागद ती गेल्यावर आले होते, तेही न वाचता आत खुपसले होते. दुसऱ्यांची बंद पत्रं आयुष्यभर हाताळली, हे एक उघडायची हिंमत झाली नाही.

तुझ्या पुस्तकाच्या पहिल्या पानानं ती सुतळी सोडवली. ती ओळ खोटी आहे, आणि ती खोटी माझ्यामुळे छापली गेली, हे मला सहन होईना. पण खरं सांगण्याआधी मला विचारून यायचं होतं. त्या डॉक्टरीणबाई आता धंतोलीतच दुसरीकडे बसतात. फाइल घेऊन मी त्यांच्यापुढे बसलो आणि जे झालं ते सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "द्यायला नकोच होतं काका, हे मी आजही म्हणेन." मग एकेक कागद काढत गेल्या आणि एका कागदावर बोट ठेवलं. रक्त घेतल्याची तारीख एकोणीस डिसेंबर, वेळ सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटं. त्या रक्तात जंतू सापडले होते. तू डबा घेऊन आलीस अकराला. "ताप यायचाच होता. त्या पानांशी याचा काही संबंध नाही." मी तो कागद हातात घेतला. तारीख, वेळ, शिक्का. शिक्क्यावरची वेळ कधी खोटं बोलत नाही, हे मला कोणी सांगायला नको. नऊ वर्षं तो कागद माझ्या कपाटावर होता. मी तिथंच त्यांच्यासमोर रडलो, वयाची लाज न धरता. त्या कागदाची प्रत सोबत पाठवत आहे.

यंदा मी फवारलं नाही. आपल्या धुऱ्यावर सात रोपं आली आहेत, अजून अंगठ्याएवढी. पण गावाचा ठिपका त्यांचा नाही, तो दुसरीकडचा आहे. मी आज सकाळी तिथं जाऊन आलो. नाल्याकाठी, कडुनिंबाखाली, जिथं आपण तुझ्या आईला पोचवलं त्याच्या भोवती, कोणाचा हात न लागलेली, ताटाएवढाली पसरलेली. तू त्या दिवशी तिथून आणली होतीस, दामिनी. सगळं गाव फवारलेलं होतं, न फवारलेली जागा तेवढी एकच. तुला जाताना कोणी पाहिलं नाही, तू कोणाला सांगितलं नाहीस, पुस्तकातही लिहिलं नाहीस. मग मला कसं माहीत? त्या दिवशी पहिलं पान तिच्या तोंडात गेलं आणि मी सवयीनं विचारून बसलो, ही पातुर कुठची? तिनं डोळे मिटले, चावलं, आणि इतकी हसली की मला वाटलं आता बरी होते. "अवं माय! हे तर घाटावरची हाये. माह्या पह्यल्या हिवाळ्याची! पोरगी माह्यासाठी तिथं गेली हो." मग डबा रिकामा करून, तोंड पुसून, तिनं मला एक निरोप दिला. तो मी जसाच्या तसा लिहितो. "दामिनी भेली असन. तिले म्हना, आईनं सारी खाल्ली. आन् तशीच लागली, तेव्हासारखी." एकतीस वर्षांत या गावचं एक पत्र मी अडवून ठेवलं नाही, हा एक निरोप मात्र नऊ वर्षं माझ्याजवळ राहिला. तो तुझा आहे, आज पोचता करतो.

तुझाच,
बाबा